अर्धांगवायूच्या रुग्णाचा ईईजी : डोक्याला टेप लावण्यापासून अहवालाच्या शेवटच्या ओळीपर्यंत

गावाकडे अजूनही म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ रुग्ण वॉर्डात पोचतो, सीटी स्कॅन होतो, औषधं सुरू होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढायच्या, खोलीत चिठ्ठी येते : ‘स्ट्रोक. ईईजी करणे.’ बस, एवढंच. इतक्या चिठ्ठीवर मशीन सुरू करू नका. काय शोधायचंय हे माहीत नसलेला ईईजी म्हणजे वीस मिनिटांच्या रेघा, आणि खाली ‘एका बाजूला मंद लहरी’ असं एक वाक्य, जे स्कॅनने आधीच सांगितलेलं असतं.

मी बरीच वर्षं ईईजी काढतोय. हा लेख नव्या तंत्रज्ञांसाठी आणि न्यूरोलॉजीत नुकत्याच आलेल्या निवासी डॉक्टरांसाठी आहे. नातेवाइकांनीही वाचावा, त्यांनी करायच्या गोष्टी यात ओघात येतील.

पहिली पायरी : चिठ्ठीमागचा प्रश्न शोधा

स्ट्रोक आहे की नाही, रक्तस्राव आहे की गुठळी, हे सीटी आणि एमआरआय सांगतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. त्या धावपळीत ईईजीचं मशीन मध्ये आणू नका. कधी कधी स्कॅन साफ, हात-पाय लुळा आणि नातेवाईक सांगतात की आधी झटके आले होते. फिटनंतर तात्पुरता लुळेपणा येतो, त्याला टॉड्स पाल्सी म्हणतात. तिथे ईईजी उपयोगी पडतो, पण तिथेही तातडीचा निर्णय त्याच्यासाठी खोळंबून ठेवायचा नाही.

ईईजीचं खरं काम पुढे सुरू होतं. वॉर्डात फोन करून विचारा, यातलं नेमकं काय हवंय? स्कॅनमधला डाग लहान आहे पण रुग्ण फारच गुंगीत आहे, तर आत गुपचूप झटके चालू आहेत का? हाताची किंवा ओठाची थरथर ही फिट आहे की दुसरंच काही? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा मेंदू हाकेला उत्तर देतो का? मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या रुग्णात साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तवाहिन्या आकसतात, त्याची चाहूल लागतेय का? प्रश्न कळला की किती वेळ रेकॉर्डिंग करायचं आणि रुग्णाला कसं चाळवून बघायचं हे आपोआप ठरतं.

खोलवरच्या बारीक रक्तवाहिनीचा छोटा स्ट्रोक असेल तर रुग्णाची अर्धी बाजू पूर्ण लुळी असूनही ईईजी नॉर्मल येऊ शकतो. डोक्यावरच्या तारा मेंदूच्या वरच्या थराचंच ऐकतात. ‘ईईजी चांगला आला म्हणजे स्ट्रोक नाही’ असं कुणालाही सांगू नका.

लहरी का बदलतात

जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा या लहरी टिपल्या आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. स्ट्रोकच्या बाबतीत या जुन्या तंत्राची ताकद एका गोष्टीत आहे : रक्त कमी पडलं की लहरी लगेच बदलतात.

निरोगी मेंदूला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला साधारण ५० मिली रक्त मिळतं. ते २५-३० च्या आसपास उतरलं की आधी वेगवान लहरी गळतात. आणखी उतरलं की थीटा, मग डेल्टा येतात. १०-१२ च्याही खाली गेलं की रेघ सपाट होत जाते आणि पेशी मरू लागतात. म्हणजे लहरी मंदावल्या तरी त्या भागात अजून जीव आहे, अडचणीत असला तरी. डेल्टासुद्धा नाही, नुसती दबलेली रेघ आहे, हे जास्त वाईट. ही पायऱ्यांची उतरंड डोक्यात पक्की बसवा, वाचताना पदोपदी लागेल.

वेगाचे आकडे नव्यांसाठी : डेल्टा सेकंदाला ४ च्या खाली, थीटा ४ ते ८, अल्फा ८ ते १३, त्यापुढे बीटा.

दुसरी पायरी : रुग्णाजवळ जाणं

नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, ‘करंट देणार का?’ शांतपणे सांगा : या वायरींतून आत काहीच जात नाही, मेंदूची स्वतःची वीज फक्त मोजली जाते. ती व्होल्टच्या काही लाखांशांइतकी असते. शक्य असेल तर आदल्या दिवशी केस धुवायला सांगा. खोबरेल तेल चोपडलेल्या डोक्यावर पेस्ट धरत नाही. आयसीयूत धुणं जमत नाही, तिथे जागेवरचं तेल स्पिरिटच्या बोळ्याने दोनदा पुसायचं.

अर्धांगवायूच्या रुग्णाची काळजी वेगळी असते आणि ती आपल्या शिक्षणात कुणी नीट शिकवत नाही. लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा निखळतो. तहान लागली म्हणाला तरी घोटभरसुद्धा पाणी नर्सला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कारण गिळणं बिघडलेलं असेल तर पाणी फुप्फुसात जातं. उजव्या मेंदूचा स्ट्रोक असेल तर रुग्णाला डाव्या बाजूचं भान नसू शकतं. तुम्ही डावीकडून बोलत राहता आणि वाटतं की तो ऐकत नाही. उजवीकडे जाऊन उभे राहा. वाचा गेलेल्या रुग्णाला बरेचदा बरंच कळत असतं. त्याच्यासमोर ‘हे काही बोलत नाहीत’ असं न म्हणता डोळे मिटायची खूण करून दाखवा.

मशीनच्या नोंदीत हे लिहा : कमजोरी कुठल्या बाजूला, स्कॅनमधला डाग कुठल्या बाजूला, स्ट्रोकला किती तास किंवा दिवस झाले, शेवटचा झटका कधी, गेल्या २४ तासांत कोणती झोपेची किंवा फिटची औषधं किती वाजता दिली, साखर आणि सोडियम किती, कवटीचं हाड काढलंय का. शेवटचा मुद्दा विसरलात तर पुढे मोठी चूक होईल.

तिसरी पायरी : मोजमाप

मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचंय. स्ट्रोकच्या रुग्णात वाचनाचा मुख्य आधार म्हणजे त्याचा स्वतःचा चांगला अर्धा मेंदू. डावं-उजवं शेजारी ठेवून आपण फरक बघतो. तारा एका बाजूला सेंटिमीटरभर सरकल्या, तर तो फरक आपणच तयार करतो आणि रुग्णाच्या माथी मारतो.

म्हणून डोळ्याच्या अंदाजाने लीड, म्हणजे डोक्यावर चिकटवायच्या या तारा, लावू नका. १९५८ साली हर्बर्ट जास्पर यांनी मांडलेली दहा-वीसची पद्धत आजही चालते. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावा. समजा ३६ सेंमी आलं. पहिले दहा टक्के, म्हणजे ३.६ सेंमीवर कपाळाची मधली खूण. तिथून वीस टक्के, ७.२ सेंमी पुढे गेलं की एफझेड नावाच्या लीडची जागा. आणखी ७.२ वर, म्हणजे बरोबर १८ वर, सीझेड, डोक्याचा मध्य. मग एका कानापुढच्या खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत मोजा, तेही सीझेडवरून. ३४ सेंमी आलं तर मध्य १७ वर पडला पाहिजे. नाही पडला तर पहिलं माप पुन्हा घ्या. लीडच्या नावांतले डावीकडचे आकडे विषम, उजवीकडचे सम. ग्रीस पेन्सिलने खुणा करा, घासून त्वचा साफ करा, पेस्ट लावा.

प्रत्येक लीडचा अडथळा ५ किलो-ओहमच्या आत आणा. आयसीयूत १० पर्यंत चालतो, पण डावीकडे २ आणि उजवीकडे ९ असं चालत नाही. कमी असण्याइतकंच सारखं असणं महत्त्वाचं आहे. टाके किंवा ड्रेसिंग आडवं आलं तर लीड सरकवा, पण दुसऱ्या बाजूचा जोडीदारही तेवढाच सरकवा आणि किती सरकवला ते लिहून ठेवा.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून सी३ आणि सी४ च्या वायरी पेटीत उलट्या लागल्या. आलेखात डाव्या-उजव्याचा घोळ झाला, स्कॅनशी मेळ बसेना, आणि डॉक्टरांनी नवा स्ट्रोक समजून रुग्णाला पुन्हा स्कॅनला पाठवलं. आजारी माणसाची स्ट्रेचरवरून विनाकारण ने-आण झाली, ती माझ्यामुळे. त्या दिवसापासून रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मी प्रत्येक लीडवर बोटाने हलकी टिचकी मारतो आणि पडद्यावर तीच रेघ उडते का ते बघतो. एक मिनिट लागतं.

चौथी पायरी : रेकॉर्डिंग

सेटिंग नेहमीचंच : खालचा फिल्टर १ हर्ट्झ किंवा त्याहून कमी, वरचा ७०, संवेदनशीलता मिलीमीटरला ७ मायक्रोव्होल्ट, एका पानावर दहा सेकंद. विजेच्या लाइनची गुणगुण कापणारा ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर शेवटी वापरायचा, आधी वायर आणि अर्थिंग तपासायचं. रेघ हलते म्हणून खालचा फिल्टर वर चढवू नका, ज्या डेल्टासाठी हा खटाटोप चाललाय तीच पुसली जाईल.

ईसीजीची रेघ लावाच. ठोक्याचे खोटे धक्के ओळखता येतात हे झालंच, पण अनियमित ठोके दिसले तर वॉर्डात कळवा. मध्येच येऊन जाणारं एट्रियल फिब्रिलेशन हे स्ट्रोकचं मोठं कारण आहे आणि ते तुमच्याच पडद्यावर पहिल्यांदा दिसू शकतं.

जोरजोरात श्वास घ्यायला लावायची चाचणी नुकत्याच स्ट्रोक झालेल्या रुग्णात करायची नाही. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या वाहिन्या आकसतात आणि आधीच उपाशी असलेल्या भागाचं रक्त आणखी कमी होतं. सवयीने हात तिकडे जातो, म्हणून मशीनवरच चिठ्ठी चिकटवा.

प्रतिसाद तपासायला मात्र कंटाळू नका. जागा रुग्ण असेल तर डोळे उघड-मिट. गुंगीतला असेल तर आधी हाक, मग टाळी, मग नखावर दाब. नखावरचा दाब दोन्ही हातांना द्या, कारण लुळ्या बाजूला संवेदनाच नसेल तर नुसत्या त्याच हातावरून ‘प्रतिसाद नाही’ असं ठरेल. हाक मारायला घरच्या माणसाला बोलवा. ‘पेशंट, डोळे उघडा’ याने न हललेली रेघ नातवाच्या ‘आबा, ओ आबा’ने बदललेली मी पाहिली आहे. प्रत्येक कृतीची वेळ जागच्या जागी नोंदवा. नंतर आठवून लिहिलेली नोंद कामाची नसते.

किती वेळ? साध्या प्रश्नाला निदान अर्धा तास, त्यात थोडी झोप मिळाली तर उत्तम. गुपचूप झटक्यांची शंका असेल तर २४ तास, आणि रुग्ण कोमात असेल तर ४८. सलग रेकॉर्डिंगची सोय नसेल तर सकाळ-संध्याकाळ तासाभराचं करा. ते बरोबरीचं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

आयसीयूत खोटे सिग्नल खूप. व्हेंटिलेटरच्या नळीतलं पाणी हललं, हवेची गादी फुगली, सलाइनच्या पंपाचा थेंब पडला, सगळं रेघेत उतरतं. छातीचा व्यायाम देताना फिजिओथेरपिस्ट थापटतात तेव्हा हुबेहूब तालबद्ध डेल्टा दिसते. खाटेशेजारी उभे राहून ‘१०.४० ते १०.४६ छातीची थेरपी’ असं लिहिणारा तंत्रज्ञ वाचणाऱ्या डॉक्टरला चुकीच्या निदानापासून वाचवतो.

पाचवी पायरी : वाचन

आधी फक्त डावं-उजवं बघा. मागची अल्फा दोन्हीकडे सारखी आहे का? झोपेच्या औषधामुळे येणारी बीटा एका बाजूला कमी पडतेय का? झोपेतल्या तकल्या, म्हणजे स्पिंडल, एकीकडेच येतात का? बीटा आणि स्पिंडल हरवणं ही बारीक पण भरवशाची खूण आहे. मग मंद लहरी बघा : कुठे, सतत की अधूनमधून. मोठ्या स्ट्रोकमध्ये अख्खी बाजू दबलेली आणि डेल्टाही नाही असं दिसलं, तर मघाची उतरंड आठवा. ही सूज वाढून जिवावर बेतू शकणाऱ्या स्ट्रोकची खूण असू शकते. डॉक्टरांना त्याच वेळी सांगा, टाइप केलेल्या अहवालाची वाट बघू नका.

मग येतात ठरावीक अंतराने पडणारे टोकदार ठोके, एकाच बाजूला, सेकंदा-दोन सेकंदाला एक. १९६४ पासून त्यांना प्लेड्स म्हणत, आता एलपीडी म्हणतात. नुकताच झालेला स्ट्रोक हे त्यांचं नेहमीचं कारण. ते दिसले की झटक्यांची शक्यता बरीच वाढते आणि सलग रेकॉर्डिंग मागायला हवं. पण ते स्वतः म्हणजे फिट नव्हेत.

फिट कधी म्हणायची? अमेरिकन क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी सोसायटीच्या २०२१ च्या परिभाषेत हिशोब स्पष्ट आहे : निदान दहा सेकंद सरासरी सेकंदाला अडीचपेक्षा जास्त ठोके, किंवा निदान दहा सेकंद न थांबता वेग, जागा किंवा आकार बदलत जाणारा ताल. असं सलग दहा मिनिटं, किंवा कुठल्याही तासात मिळून बारा मिनिटं चाललं तर ते स्टेटस, म्हणजे थांबायचं नाव न घेणारी फिट.

एक आजी आठवतात. डाव्या मेंदूचा मोठा स्ट्रोक, उजवी बाजू लुळी, वाचा बंद. पहिल्या दिवशी डोळे डावीकडे वळलेले होते. स्ट्रोकमध्ये डोळे जखमेकडे बघतात, त्यामुळे ते बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी सुनेने सांगितलं, ‘आज त्या जास्त झोपून आहेत.’ मी लीड लावायला वाकलो तर डोळे उजवीकडे होते. बाजू बदलली होती. उजव्या ओठाचा कोपरा इतका बारीक फडफडत होता की पदर बाजूला केल्यावरच दिसला. रेकॉर्डिंगमध्ये डाव्या बाजूला पुढे एक बारीक वेगवान ताल उठायचा, मोठा होत होत मागे पसरायचा आणि दीडेक मिनिटाने विझायचा. अर्ध्या तासात पाच वेळा. त्या गतीने तासात पंधरा मिनिटं, म्हणजे स्टेटसच्या रेषेपलीकडे. मशीन चालू ठेवूनच मी फोन केला, डॉक्टर खाटेशी आले, औषध दिलं आणि ताल थांबलेला आम्ही पडद्यावर पाहिला. दुसऱ्या दिवशी आजींनी हाकेला डोळे उघडले. उजवा हात हलला नाही, तो स्ट्रोकचा भाग होता. गुंगी मात्र झटक्यांची होती, आणि ती उतरण्यासारखी होती. नातेवाइकांनो, ‘आज जास्त झोपून आहेत’ हे वाक्य नर्सला सांगायला लाजू नका.

उलटा धोका कवटीचं हाड काढलेल्या रुग्णात. हाड नसलं की त्या जागेच्या लहरी मोठ्या आणि टोकदार दिसतात, याला ब्रीच परिणाम म्हणतात. नोंद नसेल तर वाचणारा त्याला फिटची लहर समजतो आणि माणूस वर्षानुवर्षं गोळ्या खातो.

आणि एक प्रसंग कायम लक्षात ठेवावा असा. रुग्ण अजिबात हलत नाही, बोलत नाही, सगळे म्हणतात कोमा. पण ईईजीत व्यवस्थित अल्फा आहे आणि पापण्या उघडल्या की ती मावळते. अशा वेळी खाली वाकून सांगा, ‘ऐकू येत असेल तर डोळे वर करा.’ मेंदूच्या देठातल्या स्ट्रोकमध्ये माणूस पूर्ण शुद्धीत असून शरीरात कोंडला जाऊ शकतो. बरेचदा त्याच्याकडे डोळे वर-खाली करणं आणि पापणी मिटणं एवढंच उरलेलं असतं. मात्र अल्फा असून कशालाच उत्तर देत नसेल तर तो अल्फा कोमा असू शकतो. प्रतिसाद तपासलेला नसेल, तर या दोन टोकांतला फरक कागदावर कळतच नाही.

आकड्यांची यंत्रं

नव्या सॉफ्टवेअरमध्ये डेल्टा-अल्फा गुणोत्तर आणि सममिती निर्देशांक मिळतात. पहिलं जितकं मोठं तितका मेंदू मंद. दुसरं ० ते १ दरम्यान, ० म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. आवरणाखालच्या रक्तस्रावात पहिल्याचंच उलट, म्हणजे अल्फा-डेल्टा गुणोत्तर, घसरत गेलं तर वाहिनी आकसल्याची लक्षणं दिसण्याआधी इशारा मिळू शकतो, आणि मला यांचा सगळ्यात खरा उपयोग तिथेच वाटतो. पण एक सुटलेली लीड, घाम किंवा नुसती डुलकीही आकडा बिघडवते. कच्ची रेघ बघितल्याशिवाय आकडा अहवालात टाकू नका.

सहावी पायरी : अहवाल आणि पुढचं

अहवालाची पहिली ओळ प्रश्नाचं उत्तर असावी : ‘३० मिनिटांत झटका दिसला नाही’ किंवा ‘डाव्या बाजूहून ५ झटके’. त्यानंतर प्रतिसाद, मग बाजूंमधला फरक, मग औषधांचा परिणाम. ‘स्कॅनशी ताडून पाहावे’ एवढ्यावर सोडू नका, ताडून बघाच आणि मेळ बसतो की नाही ते लिहा.

नातेवाईक विचारतात, ‘आता फिट येत राहणार का?’ डॉक्टरांच्या हिशोबात सात दिवसांची रेघ असते. त्याआधीचा झटका ताज्या जखमेचा. त्यानंतर एकच आला तरी पुन्हा येण्याची शक्यता साठ टक्क्यांहून जास्त धरतात, म्हणून त्याला एपिलेप्सी म्हणून उपचार करतात. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये झटका आलेलाच नसेल तर केवळ खबरदारी म्हणून फिटच्या गोळ्या सुरू करण्याची शिफारस नाही. सुरू असलेली गोळी मात्र कुणीही आपल्या मनाने बंद करू नये.

‘चालतील का, बोलतील का?’ याचं उत्तर एका ईईजीवरून देऊ नका. आठवडाभराने पुन्हा काढलेला आलेख पहिल्याशेजारी ठेवला तर काहीतरी बोलता येतं : प्रतिसाद परत आला का, दबलेल्या बाजूला लहर उगवली का. त्यासाठी दोन्ही वेळी मापं तीच हवीत, म्हणून टेपचे आकडे फाइलवर लिहून ठेवा.

लीड काढताना कोमट पाण्याच्या बोळ्याने पेस्ट आधी भिजवा, ओरबाडू नका. रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असलेल्या रुग्णाला बारीक ओरखडाही बराच वेळ वाहतो. डोकं पुसून कोरडं करा, उशी बदला, खाटेचा कठडा वर करा आणि मग मशीन ढकला.